मोठ्या मापाचा अंगुस्ताना

सकाळी साडेसहाला जाग आली की तिला आधी हात आठवतात. पांघरुणातून काढून ती ते खिडकीच्या उजेडात धरते. बोटं फुगलेली, सांध्यांवरच्या सुरकुत्या नाहीशा झालेल्या, जणू रात्रीतून कुणी आत कापूस कोंबून वरून टाके घातलेत. मूठ वळत नाही, अर्ध्यावर येऊन अडते. नळ ती तळहाताच्या कडेने उघडते, चहाचं भांडं दोन्ही मनगटांत धरून उतरवते, दुधाची पिशवी दातांनी फोडते. एका खोलीत एकटं राहण्याचा एवढा एक फायदा, हे बघायला कुणी नसतं.

कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षं काजं करते आहे. बटणाच्या घराला हाताने दोरा भरायचा, टाक्याला टाका चिकटून, सगळे एका उंचीचे. तिथे तिला सगळे काजमावशी म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वहीपुरतं. नवराही तिथलाच, कोटाचा कारागीर. तो जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढल्यापासून दुसऱ्या दिवशी कारखान्याचा जिना चढेपर्यंत तिला कुणी हाक मारत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा अंगुस्ताना बोटात जाईना. सुई ढकलायला मधल्या बोटात घालतात ती पितळी टोपी. थंडीने असेल, असं म्हणून तिने बटणांचा डबा धुंडाळला आणि तळाशी नवऱ्याचा अंगुस्ताना सापडला. तो बरोब्बर बसला. आपलं बोट त्याच्या बोटाएवढं झालं याचं तिला नवल वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. त्यानंतर सकाळचं काम त्याच्या अंगुस्तान्याने आणि सूज उतरली की पुढचं स्वतःच्या, असं सुरू झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. काज करणाऱ्याच्या हातातला कोट बघतात, बोट कोण बघतो?

उन्हाळा लागला तेव्हा दहापर्यंत सुईच धरता येईना. मग तिला उशीर होऊ लागला. कधी पाणी आलं नाही, कधी किल्ली सापडत नव्हती. इस्त्रीवाल्याला आयता विषय मिळाला.

"मावशी आल्या," तो म्हणायचा, "चला, डबे काढा."

"तुझ्या डब्यात असतं काय, वाफ?" ती म्हणायची. सगळे हसायचे. त्या हसण्यासाठी ती तीन मजले चढायची.

मालक मात्र हसला नाही. एक दिवस तिच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, दुपारच्या आत कोट निघायला हवेत. नऊ म्हणजे नऊ. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर काजं मशीनवर द्यावी लागतील." आवाजात राग नव्हता. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

रविवारी मुलीचा फोन आला. "आई, हात कसे आहेत?"

"वय झालं गं आता."

"वय काय सकाळी येतं आणि दुपारी जातं? डॉक्टरकडे जा. नाहीतर मी रजा काढून येते."

रजेची धमकी लागू पडली. डॉक्टर मुलीच्याच वयाची होती. तिने एकेक सांधा दाबून पाहिला, रक्त तपासायला सांगितलं आणि विचारलं, "उठल्यापासून मूठ वळायला किती वेळ लागतो?"

"बराच."

"बराच म्हणजे किती? रोज वेळ लिहा आणि पंधरा दिवसांनी दाखवा."

मूठ कधी वळली हे नेमकं कसं ठरवायचं? तिने आपलं माप काढलं. खाकी कागदावर दोन रकाने आखले आणि वर लिहिलं, 'त्याचा' आणि 'माझा'. सात वाजता त्याचा बसला. दहाला माझा. दुसऱ्या दिवशी सव्वासात, दहा वाजून पाच. कपड्यावर खूण करायच्या खडूने ती लिहीत गेली.

कागद बघून डॉक्टरने विचारलं, "हे 'त्याचा' म्हणजे कोणाचा?"

तिने पिशवीतून दोन्ही अंगुस्ताने काढून टेबलावर ठेवले.

"किती महिने चाललंय हे?"

"हिवाळ्यापासून."

"मग इतके दिवस काय केलंत?"

"मोठा अंगुस्ताना घातला."

डॉक्टरला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "हे बघा, कामाने दुखणारे हात संध्याकाळी दुखतात. तुमचे रात्रभर आराम करून सकाळी आखडतात. साडेसहापासून दहापर्यंत. हा थकवा नाही. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतंय, आणि रक्ताचा अहवालही तेच सांगतो. असंच सोडलं तर हाडं झिजतात, बोटं कायमची वाकडी होतात."

अस्तर म्हटल्यावर तिला सगळं कळलं. अस्तर फुगलं की वरचा कोट कितीही चांगला शिवा, बसत नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मिळाली. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, दुकानातून वेदनेच्या गोळ्या आपल्या मनाने आणायच्या नाहीत. सकाळी हात कोमट पाण्यात ठेवून सावकाश उघडमीट करायची, जोर लावायचा नाही. "गुण यायला दोन-तीन महिने लागतील," डॉक्टर म्हणाली. "आणि कामावर सांगा."

ते शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. महिना संपायला चार दिवस होते. तिने तोच खाकी कागद मालकापुढे ठेवला आणि काय ते सांगितलं. मालकाने कागद दोनदा वाचला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर काजं मशीनवर गेली असती."

"नाही सांगितलंत म्हणून जाणार होती," मालक म्हणाला. कागद घडी घालून त्याने तिला परत दिला. "तीन महिने साडेदहाला या. संध्याकाळी थांबा, म्हणजे सकाळचे कोट आदल्या दिवशीच निघतील. तीन महिन्यांनी मात्र नऊ."

इस्त्रीवाल्याने ऐकलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ती आली की तिच्या टेबलावर जाड कापडाची गरम घडी ठेवलेली असे. ती हात शेकून घेई. पण त्याची थट्टा बंद झाली. ती आली की तो मान खाली घालून इस्त्री फिरवी, बाकीचेही हळू बोलत. घरात जी शांतता होती ती आता इथेही तिची वाट बघत बसलेली असे. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती रिकाम्या खोलीत काजं करी, आणि एकेकदा वाटे, खोटं बोलत होते तेच बरं होतं.

गोळी ती चुकवत नव्हती. कागदावरचा 'माझा' दहावरून साडेनऊवर आला, मग नऊवर, मग आठवर.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी तिने सवयीने नवऱ्याचा अंगुस्ताना घातला. हात खाली केला तसा तो निसटला आणि घरंगळत खाटेखाली गेला. ती गुडघ्यांवर बसली, हात लांब केला आणि तो दोन बोटांच्या चिमटीत उचलला. चिमटीत. किती दिवसांनी. तिथेच बसून तिने मूठ वळली. पुरी वळली.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मग तिने अस्तराची एक बारीक पट्टी कापली, अंगुस्तान्याच्या आत बसवली आणि बोट घालून पाहिलं. बसला. सुई घेऊन रुमालाला दोन टाके घातले. कापडाआडून सुईची मागची टोचणी कळत नव्हती. टाका आंधळा पडत होता. तिने पट्टी काढून टाकली. अंगुस्ताना पदराने पुसला, बटणांच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. झाकण एका हाताने लागलं.

तिने घड्याळ बघितलं आणि चप्पल पायात सरकवली.

नऊला पाच कमी असताना ती जिना चढून आली. इस्त्रीवाला इस्त्री तापायची वाट बघत उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोल की," ती म्हणाली. "डबे काढायचे ना?"

"आत्ता?" तो म्हणाला. "मावशी, अजून माझी वाफसुद्धा झाली नाही."