माहीत नाही म्हणणारी उंदरबेन

‘माहीत नाही’ हे शब्द उंदरबेन असे द्यायची, जसा कुणी आग्रहानं हातावर पेढा ठेवावा. ना लाज, ना संकोच. निजामपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर ती भाड्यानं राहायला आली. मूळची बडोद्याचीच मराठी. एका प्रयोगशाळेत गाभण उंदरांवर संशोधन करायची, म्हणून शेजारच्या गुजराती बायकांनी तिचं बारसं केलं, आणि ती निमूट त्या नावाला ओ देऊ लागली.

मला ती पहिल्या दिवसापासून खुपली. माझे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते आणि युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्याच घरात बांधले जायचे. मी वाचायला त्यांवरच शिकले. उद्गारचिन्ह मला आधी कळलं, स्वल्पविराम फार नंतर. पत्रकात कुणी ‘माहीत नाही’ लिहीत नाही. पत्रक ठणकावून सांगतं आणि लोकांनी ऐकायचं असतं. इथं मात्र गल्लीतली प्रत्येक बाई, बायकांच्या आरोग्यावर पत्रकं काढून ठणकावणाऱ्या मला सोडून वर जायची, कपाळाला आठ्या घालून ‘बहुधा’ म्हणणाऱ्या त्या बाईकडे.

त्यांत गल्लीतच सासर असलेली माझी ताईसुद्धा होती. ताईचं पहिलं बाळ सातव्या महिन्याआधीच पोटात गेलं होतं. सासूबाई म्हणत, ग्रहणात हिनं भाजी चिरली. मी संतापून एक पत्रक लिहिलं, गल्लीभर वाटलं. ताईनं ते लोणच्याच्या बरणीखाली घातलं. उंदरबेन मात्र तिच्याशेजारी वालपापडी सोलत बसली आणि म्हणाली, “ग्रहणानं नाही झालं, एवढं मला माहीत आहे. कशानं झालं, ते माहीत नाही. तुझी चूक नव्हती.” ताई तेव्हा हमसून हमसून रडली. दोन वर्षांत माझ्यापुढे एकदाही रडली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

ताईला पुन्हा दिवस गेले, तशी उंदरबेनची बैठक खालीच पडू लागली. खंडेराव मार्केटमधून येताना ती चिकू आणायची, आणि चिकू खाता खाता ताई विचारायची, आत नेमकं काय चालतं?

“बाळ आईला अर्धं परकंच की गं,” उंदरबेन सांगायची. “अंगातले पहारेकरी त्याच्यावर धावून जायला हवेत. पण वारेपाशी, बाळाची नाळ जिथं जोडलेली असते तिथं, पेशी एकमेकींना सारखा निरोप देतात, जरा दमानं घ्या. आईला कुठं जंतू लागले, दाह झाला, तरी त्या निरोपामुळे वार सांभाळली जाते. आम्ही उंदरांत तो निरोप अडवला, तर तेवढ्याशा दाहानं पिल्लं दगावली.”

“म्हणजे शरीराचा लढाच!” मी म्हणाले.

“लढा कमी, लेखिकाबाई. समजूत काढणं जास्त.”

“आणि बायकांतही असंच?” ताईनं विचारलं.

“बरंचसं असावं. नक्की माहीत नाही. आणि हे बघ ताई, मी उंदरांची आहे. काही झालं तर माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे जायचं.”

डोहाळेजेवणाला अख्खी गल्ली लोटली. मागच्या वेळी ताईच्या नशिबी हा दिवसच आला नव्हता. हिरवी साडी, फुलांची वाडी, पलीकडे गुजराती बायकांचा गरबा. ओटी भरायला सुरुवात झाली. उंदरबेननं ताईचा हात धरला आणि सोडलाच नाही.

“हात तापलाय तुझा.”

“गर्दीनं होतंय.”

“लघवीला जळजळ?”

ताईनं मान खाली घातली. “कालपासून. गोळी घेतली सकाळी. कार्यक्रम होऊ दे ना गं.”

माझ्याशेजारी दिवसभर बसून याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती! बायकांच्या आरोग्यावर लिहिणारी तिची सख्खी बहीण मी!

“चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात,” उंदरबेन म्हणाली. सासूबाई आडव्या आल्या. “अर्ध्या ओटीवरून उठतात का कुणी? अजून पेढा-बर्फीची वाटीसुद्धा उचलायचीय. आधीच एकदा भोगलंय आम्ही.”

मी उभी राहिले. अंधश्रद्धेवरचं माझं सगळं भाषण ओठांवर आलं आणि दोन वाक्यं बाहेरही पडली. सासूबाईंचा चेहरा दगड झाला. उंदरबेननं मला हातानंच खाली बसवलं. तांदळाचं ताट आणि नारळ उचलून तिनं सासूबाईंच्या हातात ठेवले.

“काकी, ओटी तुम्हीच पुरी करा. रिक्षात. पोटातल्या बाळाला कुठं कळतंय, पाट आहे की सीट?”

कुणीतरी फसकन हसलं. मग सासूबाईच पुढं झाल्या, “चला गं, बर्फीची वाटी पण घ्या,” म्हणत. रिक्षावाला म्हणाला, “चिंता ना करो बेन, धीमे धीमे लई जईश,” म्हणजे हळूहळू नेतो, आणि तांदूळ सांडत, गाणं म्हणत सासूबाईंनी वाटेतच ओटी भरली.

मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचला होता. ताईला दाखल करून घेतलं, शिरेतून औषधं दिली. दिवस पूर्ण भरून मुलगी झाली. “त्या निरोपानं वाचवलं का?” मी उंदरबेनला विचारलं. “औषधानं नक्की,” ती म्हणाली. “निरोपाचं माहीत नाही.” आणि डोळे पुसत खळखळून हसली.

पुढं तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. टेम्पोत सामान चढताना ताई तिच्या गळ्यात पडून रडली. मी खोकी मोजत उभी राहिले.

गेल्या महिन्यात मी गरोदरपणातल्या तापावर पत्रक काढलं. ताप अंगावर काढू नका, जळजळ लपवू नका, कार्यक्रम थांबू शकतो. सगळं ठणकावून. आणि शेवटी एक ओळ : ‘काही बाळं का जातात, हे अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. ती आईची चूक नसते.’

बाबांनी चष्मा वर केला. “पत्रकात असं लिहितात होय?”

ताईनं वाचलं. मी बरणीकडे पाहिलं. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. माझं पहिलं पत्रक, जे तिनं जपलं. तेही त्या एका ओळीसाठी, आणि ती ओळसुद्धा माझी नाही.