पट्टकादंबांचं दुसरं गाव

शेंद्र्याच्या कडुबा खरातांची विशाखा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकायला गेली आणि पक्ष्यांच्याच मागं लागली. हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर पट्टकादंब उतरतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. तोच तिच्या एमएस्सीच्या प्रकल्पाचा विषय. ते काय खातात, कशाला बिचकतात, हे तिनं दोन हिवाळे काठाच्या चिखलात बसून पाहिलं.

कारखान्यातल्या कामाला सुटी असली की वडील तिला मोटारसायकलवर तिथं घेऊन जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "अंडी कुठं घालतात ही?"

"लडाखला, बाबा. तिथल्या तळ्यांकाठी."

"तू पाहिलं व्हय?"

"नाय."

"मग निम्मंच पाखरू पाहिलं की."

त्या दिवसापासून लडाख तिच्या मनातून गेलं नाही. एमएस्सी झाल्यावर तिथं हंसांना ओळखीची अक्षरं असलेले गळपट्टे बांधणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात तिची निवडही झाली. पण निघण्याआधीच्या तपासणीत हृदयाच्या झडपेत दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, "इथं काही त्रास नाही. तितक्या उंचीवर मात्र राहायचं नाही."

तिच्या जागी वर्गमित्र प्रणय गेला. स्टेशनवर त्याला सोडायला गेली, तेव्हा विशाखानं आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात घातली.

पुढं तिला क्रांती चौकाजवळच्या एका सल्लागार संस्थेत नोकरी लागली. विजेच्या मोठ्या तारा ओढायच्या आधी पक्ष्यांची ये-जा कुठून असते, हे ती पाहते. तिच्या सांगण्यावरून एक लाइन पाणथळीपासून दूर सरकली. काम तिला आवडतं. तरी उन्हाळा लागून हंस उत्तरेला निघाले, की ती काही दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही.

यंदा जानेवारीत जायकवाडीला एका हंसिणीच्या गळ्यात पिवळा पट्टा दिसला. त्यावरची अक्षरं वाचून विशाखानं प्रणयला फोन लावला.

"हिचं घरटं मी पाहिलंय," तो म्हणाला. "पिल्लं आहेत का सोबत?"

"तीन. डोक्यावर पट्टे उमटले नाहीत अजून."

"चार होती."

तिनं पिल्लं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाली, "घरटं कसं होतं रे? सावकाश सांग."

तो सांगत गेला. तळ्यातलं दलदलीचं छोटं बेट, वाळल्या गवताचा खोलगा, त्यात आईनं स्वतःच्या पोटाची उपटून अंथरलेली मऊ पिसं. विशाखा डोळे मिटून ऐकत होती. समोरचे हंस चरत चरत लांब गेले, तिला कळलंही नाही.