वगळलेला काका

वंशावळीतून वसंताकाकाचं नाव मी वगळलं, ही चूक आधी कबूल करतो. त्यामुळे पोलिसांचे आठ महिने वाया गेले, आणि कुसुमआत्याकडे तेवढे दिवस नव्हते. दीड महिन्यापूर्वी ती गेली. तिच्या भावाचा अहवाल तिच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी आला…

आत्या माझ्या वडिलांची बहीण. नारायणगुड्यातल्या शाळेत शिकवायची, राहायचीही तिथेच. तिच्या धाकट्या भावाने, वसंताने, परजातीतली मुलगी केली म्हणून वडिलांनी त्याचं नाव टाकलं. वर्षभरात काकू वारली आणि काकाही दिसेनासा झाला. म्हातारपणी आम्ही आत्याला विद्यानगरला आमच्याकडे बोलवायचो, तर म्हणायची, "नक्को रे बाबा. वसंताला हाच पत्ता पाठ आहे." भावकीच्या मेळाव्यासाठी मी वंशावळ छापली, तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

अफझलगंजला एका गोदामाचा पाया खणताना खूप वर्षांपूर्वी हाडं सापडली होती. खुनाचा तो तपास पोलिसांनी पुन्हा उघडला. अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने हौसेने आपला डीएनए तपासून एका संकेतस्थळावर टाकला होता. त्याच्याशी ताडून पाहता, हाडं त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या कुणा जवळच्या नातेवाइकाची असावीत, असं निघालं. इन्स्पेक्टर माझ्याकडे आले. मी छापील वंशावळ पुढे केली.

"तुमच्या वडिलांना भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. वडील वारून सहा वर्षं झाली होती, तरी त्यांचंच उत्तर तोंडातून आलं. पोलीस चुलत घराण्यांत शोधत राहिले, आणि शेवटी आत्याकडे पोचले.

तिने भिंगातून तो तक्ता पाहिला आणि मला बोलावून घेतलं. "मोठा आलास वंशावळवाला! माझा वसंता कायकू नाही रे ह्यात?"

"लहान होतो आत्या… विसरलो."

"होतं रे असं," म्हणून तिनेच माझी समजूत घातली. मग रक्त द्यायला गेली. नर्सला म्हणाली, "पाहिजे तेवढं काढ पोरी, पण जुळव." तीन आठवड्यांनी ती झोपेतच गेली.

अहवालात रक्त जुळलं; हाडं काकाचीच होती. त्याचा जीव कुणी घेतला, त्याचा तपास अजून चालू आहे. आत्याच्या अस्थी मी मुद्दाम थांबवून ठेवल्या होत्या. हाडं ताब्यात मिळाल्यावर त्यांना अग्नी दिला आणि दोघांना एकत्र बासरला, गोदावरीवर नेलं. गुरुजींनी नावं विचारली. वसंताकाकाचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. मग पाण्यात उभा राहून म्हणालो, "आत्या, मी विसरलो नव्हतो. तुझ्याशी खोटं बोललो. काका… तुम्हीही मला माफ करा."