मिटल्या डोळ्यांची प्रार्थना

मैनाला त्या ऑफिसातल्या सगळ्यांची टाळकी पाठ होती. पाळकांचं टक्कल कुठल्या बाजूने सरकत चाललंय, वकीलबाईंच्या भांगात पांढरे केस कुठे लपलेत, ड्रायव्हरचा या महिन्यात कलप लावायचा राहिलाय की काय, हे तिला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. कारण रोज सकाळी कामाला लागण्याआधी सगळे गोल करून उभे राहत, एकमेकांचे हात धरत, माना खाली घालत आणि डोळे मिटून प्रार्थना करत. मैनाला ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची, आणि इथे तर ओठ सगळे जमिनीकडे. मग करणार काय, टाळकी बघायची. शेजारच्याने हात दाबला की ‘आमेन’ झालं, एवढं तिला कळायचं.

मैना हे तिचं खरं नाव नव्हे. पोरगी बडबडी निघाली म्हणून वडिलांनी लाडाने ठेवलेलं. पुढे लहानपणीच एका तापात कान गेले, बडबड आटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बोलायची ती अजूनही, जरा जड आणि जरा मोठ्याने, पण बोलायची. लग्नाच्या वेळी मुलगा बघायला आला तो झुपकेदार मिशा घेऊन. त्या मिशांमागे तो काय पुटपुटतोय ते हिला ओ की ठो कळेना. हिने सरळ सांगितलं, मिशी काढून या, मग बोलू. बिचारा दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन हजर. संसार तिथूनच सुरळीत लागला म्हणायचा.

नोकरीचं मात्र तसं झालं नव्हतं. टायपिंगमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण जिथे जाईल तिथले साहेब तिच्याकडे बघायचे आणि सोबत आलेल्या नवऱ्याला विचारायचे, हिला जमेल का हो? या संस्थेत पाळकांनी पहिल्यांदा तिलाच विचारलं, आणि ती उत्तर जुळवेपर्यंत घाई न करता थांबले. त्या थांबण्यावर मैनाने आपला जीव ओवाळून टाकला.

संस्था ख्रिस्ती मंडळींची, आणि पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू, संस्थेचे प्रमुखही तेच. घरातून हुसकावलेली, मजुरी बुडालेली, कोर्टाची पायरी चढायची ऐपत नसलेली माणसं तिथे यायची आणि त्यांच्यासाठी फुकटात खटले लढवले जायचे. मैना ख्रिस्ती नव्हती. प्रार्थनेची सक्ती नाही, हे पाळकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तरी ती रोज गोलात जायची. दोन्ही हात कुणीतरी धरलेले असताना दिवस सुरू होतो, हे सुख तिला दुसऱ्या कुठल्या ऑफिसात मिळणार होतं?

मंडळी मनाने चांगलीच. मुख्य कचेरीतून एकदा एक बाई आल्या आणि सर्वांना सामावून कसं घ्यावं यावर दिवसभर शिकवून गेल्या. मग दारात उतार बांधला गेला. त्याचा पुढे सर्वांत जास्त फायदा पाण्याचे जार ढकलत आणणाऱ्याला झाला, ते सोडा. मैनाच्या टेबलाचं तोंड दाराकडे वळवलं, म्हणजे मागून येऊन कुणी दचकवायला नको. तुला आणखी काही अडचण आहे का, असंही विचारलं. मैना म्हणाली, काही नाही. ज्यांनी मानाने पानावर बसवलं, त्यांना भातात खडा लागला म्हणून कसं सांगायचं?

आता त्या मंडळींची एक खोड सांगायला हवी. देवाला आधीच ठाऊक असलेल्या बातम्या देवाला तपशीलवार सांगायच्या, ही त्यांची जुनी सवय. कुणाचा खटला कुठवर आला, कुठला साक्षीदार फिरला, कुणाची तारीख बदलली, सगळं प्रार्थनेत. त्यामुळे वेगळी मीटिंग घ्यायची गरजच पडत नसे. आमेन म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या कामाला पळायचा.

अशाच एका सकाळी वकीलबाईंनी देवाला सांगितलं की घरमालकाने खोलीतून हुसकावलेल्या भाडेकरू म्हातारीची तारीख अलीकडे आली आहे, उद्याच आहे, प्रतिज्ञापत्र आजच तयार व्हायला हवं, तर आम्हाला बळ दे. देवाने बळ दिलंही असेल, पण प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा मैनाच्या टेबलावर इतर कागदांच्या खाली होता, आणि तिच्या हिशेबाने त्याला अजून आठवडाभर अवकाश होता. वकीलबाई दिवसभर दुसऱ्या कोर्टात अडकलेल्या, त्यामुळे कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी ठेवणीतले कपडे घालून कोर्टात उभी राहिली. घरमालकाचा वकील कागद घेऊन आला होता, तिच्या बाजूने काहीच नव्हतं. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली. म्हणजे तोवर पुन्हा भाचीच्या घरी, जिन्याखालच्या पथारीवर. ती ऑफिसात परत आली. मैनाच्या टेबलापाशी टेकली आणि दुखरा गुडघा चोळत बसली.

वकीलबाई मात्र तापल्या होत्या. “काल सगळ्यांसमोर सांगितलं होतं मैना, प्रार्थनेत.”

मैनाच्या तोंडून ‘चुकलं’ एवढंच निघालं. म्हातारीच्या गुडघ्याकडे तिला बघवेना.

घरी येऊन तिने जाहीर केलं की उद्या राजीनामा. नवऱ्याने ताटं मांडायला घेतली, कारण अशा वेळी मध्ये पडायचं नाही हे तो मिशी उतरवतानाच शिकला होता. सासूबाई भाकरी थापत होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, त्यामुळे थापताना अंदाजच जास्त. पण सुनेकडे पाठ करून त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. तवा खाली उतरवून त्या पूर्ण वळल्या आणि झालं काय ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“अगं, मग त्यांना सांगितलंस का, की तुला त्यांचे ओठ दिसत नाहीत ते?”

त्यांचे उपकार आहेत आई, मैना म्हणाली.

“उपकार आहेत म्हणून तोंड शिवून बसायचं? माझ्या पोराची मिशी उतरवलीस तेव्हा नाही लाजलीस. आणि चांगल्या माणसांना नाही सांगायचं, तर काय वाईटांना सांगणार? जाऊन सांग. नाही ऐकलं तर दे खुशाल राजीनामा.”

सकाळी गोल झाला. शेजारून वकीलबाईंचा हात आला, पण मैनाने धरला नाही. ही नोकरी गेली तर पुन्हा नवऱ्याला प्रश्न विचारणाऱ्या त्या साहेबांच्या दारात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“तुम्ही माना खाली घालता,” ती म्हणाली, नेहमीपेक्षाही मोठ्याने. “तुमचे ओठ मला दिसत नाहीत. प्रार्थनेतलं मला काहीच कळत नाही. आजपर्यंत एक शब्दसुद्धा नाही.”

वकीलबाईंचा चेहरा उतरला. “आणि मी म्हणाले, सांगितलं होतं,” त्या हळूच म्हणाल्या. हळूच, पण मैनाकडे तोंड करून.

पाळकांचे कान लाल झाले होते. सगळी हयात त्या माणसाने डोळे मिटूनच प्रार्थना केलेली. तो सरकत सरकत मैनाच्या बरोबर समोर येऊन उभा राहिला, मान वर केली, डोळे उघडे ठेवले आणि सुरुवात केली. पहिल्या वाक्यालाच सवयीने पापण्या मिटल्या. ड्रायव्हरने कोपराने ढोसलं. पाळकांनी डोळे पुन्हा उघडले, ते इतके मोठे की दोघं-तिघं हसली, आणि मग तेही हसले. हसून झाल्यावर प्रार्थना पुढे निघाली.

मैना ओठ वाचू लागली. म्हातारीची नवी तारीख बुधवारी आहे. कागद आज होऊ दे. तिला तिच्या खोलीत परत जाऊ दे. (बुधवारी कागद वेळेवर पोचले आणि खोली पुढे मिळालीही, पण ते मागाहून.) मग पाळक तिच्याकडे बघत म्हणाले, “आणि प्रभो, मैनाच्या सासूबाईंचा दुसरा डोळाही बरा कर. रोज मागतो, आजही मागतो.”

रोज? ऑपरेशनच्या वेळी तिने एकदा सुट्टी मागितली होती, तेवढंच. म्हणजे ती इथे उभी राहून टाळकी मोजत होती, तेव्हा ही माणसं खाली मान घालून तिच्या सासूसाठी मागत होती, आणि तिला पत्ता नाही. तिचे डोळे भरून आले. एव्हाना दोन्ही हात दोन्ही बाजूंनी धरून ठेवलेले, पुसायचे कसे? पुढची दोन-तीन वाक्यं तिला दिसलीच नाहीत, पण या खेपेला त्यात दोष कुणाचाच नव्हता. आज घरी गेल्या गेल्या आईंना सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं.

डोळे मिचकावून तिने नजर साफ केली तेव्हा पाळकांचे ओठ मिटत होते, उघडत होते. आमेन. ते तिला दिसलं.

त्या दिवशी वकीलबाईंचा हात मैनाने आधी दाबला.