बोडीवरचं वळण

कुरखेड्याजवळच्या माझ्या धानात तुडतुडे पडले होते, तेही फक्त तीन बांध्यांत, बांध घातलेल्या तुकड्यांत. ड्रोनवाल्याने तेवढ्यापुरताच फवारणीचा मार्ग आखला आणि ड्रोनचं वळण शेजारच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर ठेवलं. त्यात सहा मिनिटं वाचत होती. मी मान हलवली.

बोडीच्या पाळीवर, काठच्या बांधावर, जाळं सांधत बसलेली एक अनोळखी बाई उठली. तिने वाळलेलं गवत मुठीत चुरून वर सोडलं. भुगा थेट पाण्यावर गेला.

“भाऊ, पाण्यावरून काऊन फिरवून राह्यले? परवाच मासोळीचं बी सोडलं आमी.”

“बाई, मशीननं हाच जवळचा रस्ता काढला,” ड्रोनवाला म्हणाला.

“मशीनले बोडी दिसत नाई. तुमाले त दिसते ना?”

“मंग मासोळ्यायले छत्र्या वाटा!” तो हसला.

मला संताप आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा. जन्मभर आकडे तपासणारा मी. वाचलेली मिनिटं मोजली, पण ती कोणाच्या पोटावरून वाचताहेत हे विचारलंच नाही. मी ड्रोन थांबवला. वळण बोडीपासून दूर, माझ्याच पडीक तुकड्यावर घ्यायला लावलं आणि वारा फिरेपर्यंत आम्ही बसून राहिलो.

बाईने आभार मानले नाहीत. का मानावेत? ड्रोन खाली उतरेपर्यंत ती पाळीवर उभी राहून आम्हा दोघांवर नजर ठेवून होती.