तीन रविवारांचं तेल

अनघा, रोहन — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला नाही. आता सांगते, कारण डिसेंबरमध्ये याल तेव्हा आजोबांची निळी गाडी चालू झालेली हवी, असा तुम्ही फोनवर हट्ट धरलात आणि मी मेकॅनिक बोलावला. तो काय म्हणाला ते कळवायला बसले — आणि लक्षात आलं, तेवढंच कळवलं तर तेही खोटंच होईल. मराठी कुठं अडलं तर आईला विचारा. मग तिलाही कळेल. कळू दे.

गाडी इथं मैसूरला, कुवेंपुनगरच्या या घराच्या कडेला, पत्र्याखाली, एकोणीस वर्षं उभी आहे. ‘इंजिन गेलं’ एवढंच तुम्ही ऐकलंय. कसं गेलं, हे कुणी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही.

मेकॅनिक मंजुनाथ येलवालकडचा, पन्नाशीचा. मुद्दाम लांबचा माणूस शोधला. त्यानं शिळं पेट्रोल काढून टाकलं, नवी बॅटरी जोडली, नवं तेल ओतलं. खाली पुठ्ठा पसरून ठेवला — गळतंय का बघायला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. मग त्यानं गाडी चालू केली.

तो आवाज मी लगेच ओळखला. ठक, ठक, ठक — जड, खोलातून येणारा. कुणी लोखंडी दारावर आतून मूठ मारावी तसा. मंजुनाथनं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग एकेका प्लगची वायर काढत गेला. पहिली काढली, आवाज तसाच. दुसरी, तसाच. तिसरी काढली आणि ठोका मंदावला.

“बेअरिंग गेलंय, अम्मा,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “तेल नसताना पळवलीय कुणीतरी. तेलाचा लाल दिवा लागला असणारच. कोण चालवत होतं?”

मी म्हटलं, “आठवत नाही.”

बघा — अजूनही. सत्त्याहत्तराव्या वर्षीही तोंडातून आधी तेच आलं.

तुमच्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. शंकरभावजी. विजयनगरला त्यांचं छोटं गॅरेज होतं. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, ते का, हे आता कळेल. आपले पूर्वज मैसूरच्या घोडदळात होते. जिनाचा पट्टा आवळला की स्वाराऐवजी दुसऱ्यानं तो पुन्हा ओढून बघायचा, अशी रीत होती म्हणे. भावजींनी ती गाड्यांना लावली. तेल सोडायचा नट बसवला की त्याच्या डोक्यातून तांब्याची तार ओवायचे, दोन पीळ द्यायचे. “आता हा ढिला व्हायचा तर आधी मला विचारील,” म्हणायचे.

माझी रीत वहीची. शाळेत शिकवत होते ना. गाडी जुनी, तेल पिणारी. दर रविवारी काठी बुडवून तेल बघायचं, कमी असेल तर घालायचं, वहीत तारीख घालून लिहायचं. भावजी हसायचे, “वैनी तेलाची पण हजेरी घेतात!” आजोबांना मात्र त्या वहीचा अभिमान होता. पाहुण्यांना दाखवायचे.

त्या वर्षी तीन रविवार मी तेल बघितलं नाही. का? कारणं आहेत. देत नाही. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी मी तिन्ही नोंदी एका बैठकीत लिहिल्या — तेल पूर्ण, तेल पूर्ण, तेल पूर्ण. दोन वेगळी पेनं वापरली, एकदम लिहिल्यासारखं वाटू नये म्हणून. इतकी मी व्यवस्थित.

मंगळवारी गाडी घेऊन येलवालला मैत्रिणीकडे गेले होते. परत येताना हुणसूर रस्त्यावर लाल दिवा मिणमिणला, मग लागलाच. मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणणार नाही. पुढं विजयनगर. भावजींचं गॅरेज रस्त्यालाच, ते बाहेर उभे. हात केला त्यांनी. थांबले असते तर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असतं? काठी बुडवली असती. आणि वही खोटी ठरली असती. मीही हात केला — आणि पुढं गेले. घराच्या वळणावर तो ठोका सुरू झाला.

आजोबांनी काठी काढली, कोरडी. त्यांनी वही आणली, भावजींना बोलावलं. महिन्यापूर्वी तेल भावजींनीच बदललं होतं.

“रविवारी फुल्ल, मंगळवारी कोरडं. नट ढिला ठेवलास, रस्त्यात गळालं सगळं.”

“अय्यो दादा, तार घातली होती मी. थांब, खाली बघतो.”

“हात लावू नकोस गाडीला. सुम्ने, उगाच सबबी सांगू नकोस. ही वही काय खोटं बोलते?”

भावजी माझ्याकडे वळले. “वैनी, दिवा लागला होता का?”

“नाही,” मी म्हटलं.

ते रागावले असते, टोमणा मारला असता तर — पण त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मग माझ्याच हातून राहिलं असेल,” म्हणाले. “वैनींची वही चुकायची नाही.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातांवर नाही.

आजोबांनी ही गोष्ट आपल्या लोकांत सगळीकडे सांगितली. शंकर नट ढिले सोडतो. गिऱ्हाईक तुटलं. दोन वर्षांत भावजींनी गॅरेज बंद केलं आणि दुसऱ्याच्या दुकानात टायर बदलायला लागले. इंजिनाला परत हात लावला नाही, असं ऐकलं. तुमच्या आईच्या लग्नाला त्यांना बोलावणं नव्हतं. ती रडली, तिला ते फार आवडायचे. मी तिचे डोळे पुसले. आजोबा गेले तेव्हा भावजी फाटकाबाहेर उभे होते, आत आले नाहीत. त्यांना आत बोलावणं माझ्या हातात होतं. गेल्या वर्षी तेही गेले.

मंजुनाथ गाडीखाली सरकला होता. तिथूनच म्हणाला, “नटाला तार आहे, अम्मा. किती साफ पीळ! हा नट कधी ढिला झालेलाच नाही.” इंजिन उघडायचं तर तेल सोडावं लागेल, ती तार कापू का, म्हणून त्यानं विचारलं. मी नको म्हटलं आणि त्याला परत पाठवलं.

तेव्हा डिसेंबरमध्ये गाडी चालू नसेल.

भावजींची बायको, माझी जाऊ, विजयनगरच्या त्याच घरात राहते. रिक्षानं पंधरा मिनिटं. हे लिहीपर्यंत मी गेलेले नाही. वही माझ्या कपाटात आहे, त्या तीन ओळी दोन शाईंत नीट वाचता येतात. आणि गाडीखाली, नटाला, भावजींच्या हातची तार आहे. काळी पडली आहे. दोन्ही पीळ घट्ट आहेत.