हॉलच्या भिंतीवर घोडी

आमच्या घरात किस्से लिदीसारखे साठतात. सकाळी फावडं घेऊन तबेला साफ करावा, संध्याकाळी बघावं तर परत तेवढाच ढीग! तीन पिढ्या घोडी पाळल्यावर दुसरं काय होणार? आजोबांचा, म्हणजे तात्यांचा, पुणतांब्याच्या स्टेशनावर टांगा. वडिलांचा, म्हणजे आमच्या दादांचाही टांगा. टांगे गेले, घोडी राहिली. आता शेवटची उरलीय ती हिरा. लग्नाच्या वरातीला जाते, बाकीचा वेळ मिजाशीत उभी असते.

माझा धाकटा भाऊ संजय, आमचा संजू, सुप्याला कंपनीत आहे. यंदा त्यानं जुनं घर पाडून बंगला बांधला आणि जाहीर केलं, "दादा, नव्या घरात घोडी न्हाई आन घोड्यांचे फोटोबी न्हाई. तबेल्याच्या जागी पार्किंग." त्यानं राहात्याच्या व्यापाऱ्याशी परस्पर बोलूनही घेतलं. वास्तुशांतीच्या दिवशी दुपारी हिराला न्यायला टेम्पो येणार होता!

दादा उठून हिराला चारा टाकायला गेले. मी मात्र बोलणार आहे. एकेक ऐका.

*

जुन्या घराच्या भिंतीवर सात फोटो होते. त्यातले पाच घोड्यांचे, सगळ्यांना चंदनाचे हार. एकदा एक नवे ग्रामसेवक घरी आले. सवयीनं ओळीनं हात जोडत निघाले आणि तात्यांच्या लाली घोडीच्या फोटोपाशी येऊन थबकले.

"ह्या कोण?"

दादा म्हणाले, "आमच्या थोरल्या बाई. तुमी जोडा की हात, का थांबले?"

ग्रामसेवकांनी जोडले! वर चहा पिताना म्हणाले, "चेहऱ्यावर तेज होतं हो बाईंच्या."

*

तात्यांचा जन्मात एकच फोटो निघाला, तोही लालीबरोबर. फोटोग्राफरला तात्यांनी बजावलं होतं, "घोडीच्या शेपटीचा केसबी सुटला न्हाई पायजे." त्यानं शब्द पाळला. लालीचे कान आले, खूर आले, शेपटी आली. तात्या मात्र गळ्यापासून खाली आले! हातात चाबूक, अंगात कोट, वर मुंडकं नाही.

तात्या वारले तेव्हा दहाव्याला दादांनी तोच फोटो मांडला. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. एका मामांना राहवलं नाही. "आरं, मान्साचा चेहरा कुठाय ह्यात?"

दादा म्हणाले, "तात्याचा चेहरा तुमी जलमभर बगितला. आता जरा लालीचा बगा!"

*

आमची आत्या, दादांची धाकटी बहीण. तिच्या लग्नाच्या वेळी स्थळाकडून निरोप आला, मुलीचा फोटो पाठवा. घरात सुटा फोटो कुणाचाच नाही. आत्याचा होता तो पाखऱ्या घोड्याचा लगाम धरून. तोच पाठवला.

मुलाचे वडील घरी आले. पोरीकडं बघेनात, सारखे तबेल्याकडं बघायला लागले. शेवटी म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फक्त हा घोडा बरूबर द्यायचा."

तात्या काही बोलायच्या आत आत्या पोह्यांची ताटली घेऊन माघारी वळली. "मंग पाखऱ्याशीच लावा पोराचं लगीन! कुंडली जुळतीया का बघा."

स्थळ मोडलं. गावात बोभाटा झाला, पोरगी लई तोंडाळ. पुढच्याच वर्षी आत्याला पुणतांब्यातच चांगलं घर मिळालं. आज सत्तरीची आहे. कधीही भेटा, पहिला प्रश्न, "हिरानं चारा खाल्ला का?" आपली तब्येत तिथं कोण विचारतो?

*

स्टेशनावर पहिली रिक्षा आली तेव्हाचा हा किस्सा. खोटा वाटेल, पण मी तिथं होतो. (जुने लोक म्हणतात मी तेव्हा पाळण्यात होतो. असू दे. पाळणा तिथं होता!)

रिक्षावाल्यानं नवी कोरी रिक्षा आमच्या टांग्याला चिकटून उभी केली आणि चहाला गेला. पाखऱ्यानं मान लांबवून मागचं अख्खं सीट फाडलं. आतला काथ्या चवीनं चावत उभा!

रिक्षावाला बोंबलत आला. "दादा, तुमच्या घोड्यानं माजं सीट खाल्लं!"

दादा शांत. "तुज्या रिक्षानं त्याचं गिऱ्हाईक खाल्लं, तवा आल्ता का तो तुज्याकडं तक्रार घिऊन?"

*

आता संजूचं लग्न. नवरदेवाला घोडी नको, सजवलेली कारच पाहिजे! "दादा, लोक हसत्यात घोड्यावर." दादा म्हणाले, "बरं."

कार निघाली. हिरा तेव्हा कोवळी होती, नुकती वरातीला शिकलेली. बँड वाजला की नवरदेवाला घेऊन निघायचं, एवढंच तिला ठाऊक. दादांनी तिला फक्त सोडली. ती झुलीसकट कारच्या मागं चालत मांडवापर्यंत गेली. आजही संजूच्या बायकोला, माझ्या भावजयीला म्हणा, वरातीचा अल्बम दाखवा. ती दाखवत नाही. प्रत्येक फोटोत नवरदेव हसतोय आणि मागच्या काचेतून हिरा आत बघतेय!

*

आणि ही परवाची वास्तुशांती.

नव्या घरात पहिलं पाऊल गायीचं पडतं, ही आपली रीत. संजूनं शेजारची गाय आणली. शिंगांना गोंडे, पाठीवर नवी शाल. पण बंगल्याच्या फरश्या आरशासारख्या. गायीनं आत बघितलं, तिला फरशीत दुसरी गाय दिसली आणि चारी पाय रोवून ती उंबऱ्यापाशी थांबली ती थांबलीच.

गूळ दाखवला. पुरणपोळी दाखवली. दोघं पुढून ओढतायत, दोघं मागून ढकलतायत. संजूचा नवा सदरा घामानं चिंब. भावजय आरतीचं ताट धरून अवघडली. गुरुजी मोबाईलमध्ये बघत म्हणाले, "यजमान, मुहूर्त टळत चाललाय."

आत्या ओरडली, "आरं ती न्हाई म्हनतीया, कळत न्हाई का तुमास्नी!"

या गडबडीत दादा कधी उठले, कुणालाच समजलं नाही. घराच्या मागून आले ते हिराला घेऊन. कपाळाला हळदकुंकू, लगाम नाही, दावं नाही. वीस वर्षं वराती केलेली घोडी! मांडव, गालिचे, लाइटा, मंगल कार्यालयांच्या गुळगुळीत पायऱ्या, सगळं तिच्या पायाखालून गेलेलं. गायीला बाजूला सारून तिनं उंबऱ्यावर खूर ठेवला. टक. मग दुसरा. टक, टक, टक करत ती हॉलमध्ये गेली आणि मोकळ्या भिंतीखाली जाऊन उभी राहिली.

गुरुजींच्या तोंडून सवयीनं मंत्र सुरू झाला. बायकांनी अक्षता टाकल्या. संजूनं बोलावलेल्या ड्रोनवाल्यानं फोटो काढले.

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. व्यापारी वेळेआधीच आला होता.

संजू उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "दादा! काढा तिला भाईर!"

दादांनी हिराच्या मानेवर हात टाकला.

"संजू, ह्या घरात पयलं पाऊल तिचं पडलंय. तुला यायचं आसंल तर चपला काढून ये."